एकाच दिवशी लागलेला ऊस

श्रीगोंदा,
२२ सप्टेंबर २०२५

ती. सुरेखा आत्या,
साष्टांग नमस्कार.

कामाचं काही विचारायचं असेल तर फोन करायचा नाही, लिहून पाठवायचं, अशी तुझी अट. प्रश्न नीट लिहिला की अर्धं उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं म्हणे. बघू. मला अजून प्रश्नच नीट सापडलेला नाही.

कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात येऊन मला महिना होत आला. इथला डेटाबेस आता मी सांभाळते, म्हणजे तू पुण्यात जे सव्वीस वर्षं केलंस तेच, फक्त तुझ्याकडे एसी होता आणि माझ्याकडे बॉयलरची धूळ आहे. आमच्याकडे सगळ्यात मोलाची आहे ती ऊस नोंद. कुणी, कोणत्या गटात, कोणत्या तारखेला लागण केली ते सगळं त्यात असतं. ज्याची लागण आधी त्याच्या उसाला तोड आधी. तारीख चुकली की तोड चुकते, आणि तोड चुकली की ऊस रानात वाळतो. हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल.

माझ्या आधी इथे रविराज होता. तो पुण्याच्या कंपनीत गेला आणि जाताना सगळं डोक्यात घेऊन गेला. कुठे काही लिहून ठेवलेलं नाही. लिहिलेली एकच गोष्ट म्हणजे मुख्य पासवर्ड. तो मॉनिटरवर चिकटवलाय, शेतकी विभागातल्या सगळ्यांना दिसेल असा. रविराज गेल्यावर एमडी साहेबांनी त्याला परत आणायला पुण्याला गाडी पाठवली होती म्हणतात.

मी कराराने आहे, पंधरा नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतर कायम करायचं की निरोप द्यायचा ते एमडी साहेब ठरवतील. आत्या, मला ही नोकरी हवी आहे. घरून जाऊन-येऊन करता येईल, आणि शिकले त्याच कामाची, अशी नोकरी आपल्या भागात दुसरी कुठे मिळणार? बाबांचं म्हणणं तुला माहीतच आहे. "समदं शिकवून मोकळी होऊ नको. रविराजला गाडी गेली ती उगं न्हाई."

तर सांग, सुरुवात कुठून करू?

तुझी,
निकिता

•

हिवरे बाजार,
२७ सप्टेंबर २०२५

चि. निकिता,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. प्रश्न शेवटच्या ओळीत लिहायची खोड आपल्या घराण्याचीच आहे, तुझा दोष नाही.

पहिलं काम म्हणजे बॅकअप परत उभा करून बघणे. बॅकअप घेतला जातो का ते विचारू नकोस, तो सगळेच घेतात. एखादं पडीक मशीन शोध, त्यावर कालची प्रत चढव आणि दहा शेतकऱ्यांच्या नोंदी उघडून बघ. माझ्या एका ऑफिसात दोन वर्षं रोज बॅकअप होत होता, आणि गरज पडली तेव्हा कळलं की तो रिकाम्या डेटाबेसचा होता. लोणच्याची बरणी फडताळात आहे एवढ्यावर समाधान मानू नये, झाकण उघडून वास घ्यावा.

दुसरं, ती मॉनिटरवरची चिठ्ठी आजच्या आज काढ. ज्याला फक्त बघायचंय त्याला बघण्यापुरती चावी, ज्याला भरायचंय त्याला भरण्यापुरती. लोक रुसतील. रुसू देत.

तिसरं, शेतकरी नावावरून ओळखायचा मोह धरू नकोस. आपल्या जिल्ह्यात नाथांच्या कृपेने प्रत्येक आळीत एक मच्छिंद्र आणि दोन गोरक्षनाथ. तुझ्या बापाच्या वर्गातच त्याला धरून तीन मच्छिंद्र होते, आणि मार दुसऱ्याचा असला तरी खायचा हाच. प्रत्येक नोंदीला स्वतःचा नंबर हवा आणि तो कधी बदलता कामा नये.

आता शेवटचं. तुला येतं ते सगळं लिहून काढ आणि एकाला तरी शिकव. दादाचं ऐकू नकोस. त्याला गोठ्यातलं कळतं, आणि त्यातलंही मला जास्त कळतं.

तुझी,
आत्या

•

श्रीगोंदा,
३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

दसऱ्याचं सोनं या पत्रातच समज. पानं टाकली असती, पण पोस्टात चुरा झाला असता.

आमच्याकडे परवा खंडेनवमी दणक्यात झाली. वर्कशॉपमध्ये पान्हे, कोयते, ऊसतोडीला लागणारी सगळी हत्यारं मांडली होती. आमच्या विभागातल्या बनुबाई झाडूपोछा करतात, पण सणावाराला त्याच आमच्या पुरोहित. त्या म्हणाल्या, "त्येंची हत्यारं हायेत तशी तुमची न्हाईत का?" मग सर्व्हरला हळदीकुंकू, झेंडूचा हार. बॅकअपची हार्ड डिस्क तर त्यांनी वायरमधून सोडवली, पाटावर ठेवली, अक्षता वाहिल्या आणि लाल खणात गुंडाळून कपाटात देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिली. दसरा झाल्यावर मी ती मागायला गेले, तर, "देवाला वाहिल्यालं लगीच उचलू न्हाई, ताई. दिवाळीपत्तूर ऱ्हाऊ द्या."

भांडायला जीव झाला नाही. दुपारच्या गाडीने नगरला गेले, नवी डिस्क आणली आणि जोडली. रोज रात्री आपोआप प्रत पडते, कालच्या फाइलवर आजची. जागाही वाचते. बॅकअपचं सगळं ठीक आहे.

चिठ्ठी काढली. पण पासवर्ड सगळ्यांना पाठच आहे आणि हंगामाच्या तोंडावर तो बदलू नका असं शेतकी अधिकारी म्हणतात. दिवाळीनंतर बदलेन.

शिकवण्याचं मात्र तुझं पटत नाही. शेतकी विभागात अजिनाथ म्हणून क्लार्क आहे, हुशार आहे, सारखा विचारतो. पण मी सगळं त्याला शिकवलं तर पंधरा नोव्हेंबरला साहेब म्हणतील, अजिनाथ आहे की. मग मला का ठेवतील? तू कायम नोकरीत होतीस आत्या, तुला शिकवणं परवडत होतं. रागावू नकोस.

निकिता

•

हिवरे बाजार,
८ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

रागावले नाही. बनुबाईंची पूजा वाचून इतकी हसले की धार काढताना गाईने लाथ झाडली. त्या बाईला माझा नमस्कार सांग.

"बॅकअपचं सगळं ठीक आहे" म्हणतेस, म्हणजे तू तो परत उभा करून पाहिला असशील, असं धरून चालते. पण कालच्या फाइलवर आजची फाइल? अगं, चूक झाली आणि ती दोन दिवसांनी कळली, तर तोवर तुझ्या चांगल्या प्रतीवर चुकीची प्रत बसलेली असेल. मशीन मोडलं तर तुझा बॅकअप कामाचा, माणूस चुकला तर नाही. आणि मशीनपेक्षा माणूस जास्त वेळा चुकतो. आठवड्याच्या सात वारांच्या सात वेगळ्या फाइली ठेव, शिवाय महिन्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत. पत्र मिळाल्या दिवशी कर.

पासवर्डही दिवाळीची वाट बघणार नाही.

शिकवण्याबद्दल मी आत्ता वाद घालत नाही. तुझी भीती खोटी नाही. माझ्यापाशी तिला झटपट उत्तर असतं तर दिलं असतं.

आत्या

•

श्रीगोंदा,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. आत्या,
नमस्कार.

मंगळवारी मी फोन केला तेव्हा रडत होते, त्यामुळे तुला निम्मं कळलं असेल आणि निम्मं मी चुकीचं सांगितलं असेल. आता नीट लिहिते.

मंगळवारी सकाळी तोडणीच्या पहिल्या यादीचा नमुना छापला. रानोरान फिरून तोडीच्या चिठ्ठ्या देणारी मुलं असतात, त्यांना आम्ही चिटबॉय म्हणतो. त्यातला कल्याण यादी हातात घेऊन आत आला. "ताई, आख्ख्या तालुक्यानं एकाच दिवशी लागन केली व्हय?"

मी बघितलं. बारा ऑगस्ट दोन हजार चोवीस. खाली बारा ऑगस्ट. पुढच्या पानावर बारा ऑगस्ट. हजारो शेतकरी, तीच तारीख. आडसाली, सुरू, खोडवा, वेगवेगळ्या मोसमातला सगळा ऊस एकाच दिवशी मातीत गेलेला. म्हणजे तोडीला कुणाचा नंबर आधी आणि कुणाचा नंतर, ते सांगणारं काहीच उरलं नव्हतं. हंगाम तोंडावर आणि वर्षभराची नोंद गेलेली.

तुला फोन केला. तू म्हणालीस, "आधी सगळ्यांना बाहेर काढ. आहे त्या मोडक्या डेटाबेसचीसुद्धा प्रत घे. आणि जुनी प्रत त्याच्यावर चढवू नको, दुसऱ्या मशीनवर चढव." तसंच केलं. मग नवी डिस्क उघडली. तिच्यातही बारा ऑगस्टच. चूक शुक्रवारची, म्हणजे दहा तारखेची होती, आणि शनिवारपासून रोज चांगल्यावर चुकीचं बसत गेलेलं. तुझं आठ तारखेचं पत्र त्याच दिवशी दुपारी पोस्टमनने आणून दिलं. ते वाचून मी कपाळाला हात लावला.

आणि हात लावल्यावर आठवलं, कपाटातला लाल खण!

बनुबाईंना विचारलं. त्या आधी हो-ना करत होत्या. मी म्हटलं, "मावशी, यात सगळ्यांचा ऊस आहे." त्यांनी तसबिरीला हात जोडले आणि गाठ सोडली. डिस्कवर कुंकू तसंच होतं. पडीक मशीनवर ती प्रत चढवली. आत्या, मी ती याआधी कधीच चढवून पाहिली नव्हती. तू तसं धरून चाललीस आणि मी तुला तसं धरू दिलं. चढेपर्यंत मी पडद्यासमोरून हलले नाही. चढली. प्रत्येकाची तारीख ज्याची त्याच्या जागी. मग सगळं मागे न नेता, नोंद नंबर जुळवून फक्त लागणीची तारीख तिकडून इकडे आणली. खंडेनवमीनंतरच्या नव्या नोंदी चिटबॉयांच्या डायऱ्यांत होत्या. ते मोठ्याने वाचत गेले, मी भरत गेले. शुक्रवारी यादी पुन्हा छापली आणि ती बरोबर आली.

आता मला जे टोचतंय ते. हे केलं अजिनाथने. आणि त्याने केलं ते चांगल्यासाठी. मांडवगणकडच्या रंगुबाई म्हणून एक शेतकरी बाई आल्या होत्या. "नागपंचमी झाली आन् तिसऱ्या दिशी लागन केली, तुमच्या मशिनीत माघातली लागन दावतीय." त्यांचं खरं होतं; बारा ऑगस्ट ही त्यांचीच तारीख, ती आता मी नीट भरली आहे. तसंच राहिलं असतं तर ऊस तुरा येऊन पोकळ झाला असता. मी त्या दिवशी कामासाठी पुन्हा नगरला गेले होते. रविराजने अजिनाथला दोन ओळी देऊन ठेवल्या होत्या. वरच्या ओळीत, लागणीची तारीख ही कर. खालच्या ओळीत, फक्त या नोंदीची. अजिनाथने माउसने वरची ओळ निवडली आणि चालवली. निवडलेलं तेवढंच चालतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगू शकले असते.

तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "ताई, मला घरी बशिवत्याल. माझं नाव घिऊ नका." त्याची मुलगी यंदाच शाळेत जायला लागलीय. हंगामाआधीच्या बैठकीत साहेब विचारणार आहेत. नाव घेतलं तर त्याची नोकरी जाईल, नाही घेतलं तर माझी. काय करू?

आणि हो, दिवाळीच्या शुभेच्छा.

निकिता

•

हिवरे बाजार,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. निकी,

काल भाऊबीजेला दादा येऊन गेला. तुझ्या प्रकरणातलं त्याला काही ठाऊक नव्हतं, आणि मी माझं तोंड बंद ठेवलं. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे.

आधी हे ऐक. तू मोडक्याचीही प्रत घेतलीस, जुनं त्यावर आदळलं नाहीस, आणि फक्त एक रकाना परत आणलास. घाबरलेल्या माणसाला एवढं शहाणपण राहत नाही. मला तुझा अभिमान वाटला. हे फोनवर सांगितलं असतं तर आवाज बिघडला असता, म्हणून लिहितेय.

आता कानउघाडणी. देवाने एकदा तुमचा बॅकअप सांभाळला. रोज सांभाळायला तो कारखान्याच्या नोकरीत नाही.

बैठकीत काय करायचं? एक पान लिही. काय झालं, कसं होऊ शकलं, कसं दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. "कुणी" हा प्रश्न त्या पानावर ठेवूच नकोस. शेतकी विभागात ज्याला पासवर्ड पाठ होता त्यातल्या कुणाच्याही हातून हे होऊ शकलं असतं, आणि खरं कारण तेच आहे. साहेब तरीही विचारतील. तेव्हा म्हण, "दार उघडं होतं. ते बंद करणं माझं काम होतं, आता केलंय." एवढं बोलायला छाती लागते, पण ते खोटं नाही आणि कुणाच्या पोटावर पायही नाही.

अजिनाथला हे शिकव. बदलायच्या आधी बघायचं. तीच अट लावून आधी नोंदी नुसत्या मागवायच्या, एक हवी आणि हजार आल्या तर हात मागे घ्यायचा. मग बदलायचं, पण लगेच पक्कं करायचं नाही. किती ओळी बदलल्या ते मशीन सांगतं, ते वाचायचं आणि मग पक्कं करायचं. आणि त्याला बॅकअप परत चढवायलाही शिकव. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्याच्याइतका सावध हात तुला कारखान्यात दुसरा मिळणार नाही.

तुझी भीती मला कळते. तू शिकवशील आणि ते तुला सोडून देतील, असं होऊ शकतं. तसं होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण रंगुबाईंचा ऊस तू नगरला गेलीस म्हणून अडकावा, असं काम तुला करायचंय का? ते तू ठरव. मी आग्रह करत नाही.

आत्या

•

श्रीगोंदा,
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही ठरत नव्हतं.

मी शिकवलं. दिवाळीनंतर रोज दुपारी जेवण झालं की अजिनाथ डबा धुऊन यायचा आणि पडीक मशीनवर प्रत चढवायचा. पहिल्यांदा चुकला, मग मी सगळं लिहून काढलेली वहीच चुकली असल्याचं त्याने दाखवलं, मग दोन्ही सुधारलं. आता सात वारांच्या सात फाइली आहेत, आणि एक प्रत गेस्ट हाऊसच्या तिजोरीत जाते. पासवर्ड बदलला. शेतकी अधिकारी चार दिवस माझ्याशी बोलत नव्हते, आता चहा पाठवतात.

बैठकीत तू म्हणालीस तसंच पान ठेवलं. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "हे केलं कुणी?" मी दाराचं वाक्य बोलले, शब्द अडखळले, पण बोलले. आणि मागून खुर्ची सरकली. अजिनाथ उभा राहिला होता. "साहेब, त्ये म्या केलं. ताईंनी नाव न्हाई घेतलं, पन म्याच केलं." साहेब म्हणाले, "आता परत झालं तर?" अजिनाथ म्हणाला, "चला, दावतो." आणि सगळी बैठक उठून आमच्या खोलीत आली. त्याने सगळ्यांदेखत पडीक मशीनवर आदल्या दिवशीची प्रत चढवली, साहेबांनी स्वतःच्या भावाची नोंद उघडून पाहिली. मी कोपऱ्यात उभी होते. मला एक बोट लावावं लागलं नाही.

साहेब जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "यांना सगळं येतंय. मग तुमचं काय काम?"

लोक हसले, मीही हसले, आणि घरी येऊन जेवले नाही. बाबा म्हणाले, "मी सांगत हुतो." त्यांचं सांगणं खरं ठरलं असं मलाही वाटलं, आणि तुझा थोडा रागही आला.

हंगाम सुरू झाला. ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी पडली, वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागली, तोडी यादीप्रमाणे निघाल्या. रंगुबाईंचा ऊस पहिल्याच आठवड्यात गेला. जाताना त्या कार्यालयात येऊन उसाचं कांडकं ठेवून गेल्या, बनुबाईंनी ते सगळ्यांना वाटलं. मी मात्र दिवस मोजत होते.

काल पंधरा तारीख. सकाळीच टेबल आवरलं, वही अजिनाथच्या हवाली केली. त्याने ती घेतली नाही. दुपारी साहेबांनी बोलावलं. त्यांनी समोर कागद सरकवला, आणि तो निरोपाचाच असणार म्हणून मी वाचलाच नाही. नुसतं "बरं साहेब" म्हणाले.

ते म्हणाले, "वाचा तर. कायम केलंय."

मी विचारलं, "पण अजिनाथ आहेत ना?"

तेव्हा ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते. "रविराज गेला तवा कारखाना बंद पडायची पाळी आली हुती. मी सोता फोन करून त्याच्या हातापाया पडलो. तुमी आज गेलात तरी उद्या गव्हाण चालंल, हे मी डोळ्यानं बघितलं. म्हणून तुमाला सोडत न्हाई."

आत्या, मी तिथेच रडले. साहेबांनी बेल वाजवून चहा मागवला.

बाबांना कागद दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुझ्या आत्याला कळीवलं का आदी?"

निकिता

•

हिवरे बाजार,
२० नोव्हेंबर २०२५

माझी निकी,

पत्र वाचलं, गोठ्यात उभ्या उभ्याच. मग घरात येऊन परत वाचलं.

मला फार आनंद झालाय. आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. सव्वीस वर्षांत मला "तुमच्यावाचून चालणार नाही" असं पुष्कळांनी म्हटलं. तुला म्हणाले तसं एकानेही म्हटलं नाही.

पोटभर जेव आता.

तुझी,
आत्या